शोभाच्या पोटातल्या रोटीवाल्या

चुलीखालची राख काढली नाही तर आग गुदमरते. आम्हा चार रोटीवाल्यांचे किस्से तसेच साचलेत. आज शोभाचे काढते. तिला राग आला तर येऊ दे.

आम्ही लग्नांत लंबी रोटी करतो. सैल कणीक कोपरापर्यंत हातावर पसरायची आणि तापल्या उपड्या मडक्यावर टाकायची. अठरा वर्षं झाली, शोभा माझ्या उजव्या हाताला बसते.

*

खापरखेड्याच्या लग्नात निखारा उडून शोभाच्या पायावर पडला. ती आपली रोट्या टाकतच राहिली. मला जळल्याचा वास आला म्हणून मी पाहिलं.

"शोभे, पाय!"

तिनं निखारा झटकला. "मले तर समजलंच नाही, ताई."

अठरा वर्षांत पहिल्यांदा माझी रोटी चुलीत पडली.

*

दुसऱ्या दिवशी तिला ओढत दवाखान्यात नेलं. साखर इतकी, की डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. पोरसवदा बाई, पण नीट सांगितलं. पोटात स्वादुपिंड असतं, त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. रक्तात सतत साखर, वरून चरबी, म्हणजे दोन्हीकडून मार. पेशी आधी जास्त राबतात, मग थकतात, मग मरतात.

शोभा भिंतीकडे पाहत बसली. मी म्हटलं, "म्याडम, मी सांगते तिले."

"ऐक वं. पंगत उठतच नाही, पाहुणे येऊनच राहिले. ही झाली साखर. वरून धूर कोंडला, डोळे जळून राहिले. ही झाली चरबी. रोटीवाली आधी हात जोरात चालवते, मग रोटी फाटते. मग एक बाई आडवी होते, तिचं काम बाकीच्यांवर. मग त्याही आडव्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे मावशी. मेलेल्या परत येत नाहीत, पण थकलेल्यांना आराम दिला तर काही कामाला लागतात. गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, तीन महिने दिले. तरी साखर उतरली नाही तर रोज इन्सुलिनची सुई, म्हणजे बाहेरून बाया आणायच्या.

शोभाच्या आईचं याच साखरेपायी आधी बोट कापलं होतं, मग पाय, मग ती गेली. शोभानं एवढंच विचारलं, "माह्या किती बाया उभ्या आहेत अजून?"

*

आता लग्नाच्या स्वयंपाकघरात परहेज पाळून दाखवा! बुटीबोरीत आमच्या नेहमीच्या आचाऱ्यानं शोभाच्या ताटात दोन जिलब्या ठेवल्या. मेहनतीच्या बाईनं खाल्लं पाहिजे म्हणे. मी ताट ओढलं, तो भांडायला उठला. मी झारा उचलला. मग मुकाट्यानं काकडी कापून दिली त्यानं.

अन्न टाकायचं नाही, ही माझ्या मायची शिकवण. जिलब्या मी खाल्ल्या.

*

रामटेकला शोभा चुलीवरून उठून गेली ती आलीच नाही. सापडली कोठीत, संत्रा बर्फीच्या डब्यापाशी. बर्फी ओठाला लागलेली.

मी ओरडले नाही. म्हटलं, "खा. आत एक बाई आडवी होऊन राहिली, तिच्या छातीवर ठेव."

तिचा हात खाली आला. "काहून वं ताई, मीच काहून?"

मी बर्फी तिच्या हातातून घेतली आणि खाऊन टाकली. पुढे प्रत्येक लग्नात तिच्या वाट्याचं गोड मीच संपवत आले. तिच्या डोळ्यांपुढे राहायला नको.

*

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शोभाचा हात माझ्या हातात, भिजल्या कणकेसारखा गार. डॉक्टरीणबाई वाचत होत्या, मी पाणी पीत होते.

साखर उतरली होती. काही बाया उठल्या म्हणाल्या. मी उरलेलं पाणी एका दमात प्यायले.

मग त्यांनी माझ्या बाटलीकडे पाहिलं. घरून भरून आणलेली, रिकामी. मावशी, तहान फार लागते का? नर्सनं माझं बोट टोचलं. आकडा आला, तोही डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिला.

संध्याकाळी लग्न होतं. आचाऱ्यानं सवयीनं माझ्या ताटात चार जिलब्या वाढल्या, दोन माझ्या, दोन शोभाच्या. शोभानं चारही उचलल्या.

"अन्न टाकू नये वं," मी म्हटलं.

ती मंडपामागं गेली, गाईपुढे ठेवून आली, हात धुतले आणि माझ्या उजव्या हाताला बसली.

"काकडी खा, ताई."