कमरेला चारच वस्तू

झाडावर चढायला निघालेल्या माणसाच्या मागे मुकादम गुपचूप येऊन उभे राहत, त्याच्या कमरेचा पट्टा दोन बोटांत धरून वर उचलत आणि वजनाचा अंदाज घेत. बाजारात मेथीची जुडी उचलून बघतात तसं. मग तोंड असं वाकडं करत, जणू बोटांना काही घाण लागली आहे. "शी! काहून बे, झाडावर चाललास का सासरी? एवढं सामान!" आणि ती दोन बोटं खरोखरच पँटला पुसत. त्या पुसण्याचा मला इतका राग यायचा, की विचारू नका.

आम्ही एका ठेकेदाराकडे होतो. कॉलन्या, शाळा, रिछाईतली छोटी-मोठी कारखान्यांची आवारं, जिथे झाड वाढून तारांवर किंवा छपरावर आलं असेल तिथे जाऊन ते छाटायचं, नाहीतर वरून तुकड्यातुकड्याने उतरवायचं. मुकादम आमच्या टोळीचे म्होरके. रांझीत घर, वडील फॅक्टरीत होते, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, आम्हा सगळ्यांसारखीच. साठीला टेकले होते तरी चढायचे. अंगाने वाळके, डोक्याला गमछा. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरातच काय ते. बायकोसुद्धा त्यांना मुकादमच म्हणायची.

त्यांच्या पट्ट्यावर चारच वस्तू असत. म्यानातली हातकरवत, दोर अडकवायच्या कड्यांची एक जोडी, खोडाला वेढा घालायची कमरदोर आणि एक आखूड चाकू. कप्पी, जास्तीचे दोर, मोठी करवत, सगळं खाली पोत्यात. वरून एक बारीक दोरी सोडलेली असायची. जे लागेल ते ओरडून मागायचं, खालच्याने बांधून द्यायचं, आपण ओढून घ्यायचं, आणि काम झालं की त्याच दोरीने परत पाठवायचं. "खाली माणूस उभा आहे नं? तो काय शोभेला आहे? माग त्याला!" म्हणूनच खाली कोण उभं राहणार हे ते आधी ठरवत, वर कोण चढणार ते मागाहून. वर माणूस असताना चहा प्यायला गेलेल्या एकाला त्यांनी त्याच दिवशी टोळीतून काढलं. त्याने पाय धरले तरी ऐकलं नाही.

मी पुण्याला जाऊन दोरावर चढायचा कोर्स करून आलो होतो, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं 'डिप्लोमा'. माझ्या पट्ट्यावर काय नव्हतं? चौदा कड्या, लाल, निळ्या, सोनेरी. मांडीपर्यंत लोंबणारे नायलॉनच्या पट्टीचे फासे, दोन कप्प्या, पाण्याची बाटली, औषधांची थैली, मोबाइलची वेगळी थैली. चालताना पोळ्याच्या बैलासारखा खुळखुळायचो मी. आणि मला ते आवडायचं, हे सांगताना आज स्वतःची किळस येते.

"लागलं तर, मुकादम? वर गेल्यावर कोणाला मागत बसू?"

"मागायची लाज वाटून राहिली का तुला?"

वाटायचीच. ओरडून कड्या मागणारा माणूस मला अडाणी वाटायचा. मुकादमांचं सामानाशी मात्र काही वैर नव्हतं. एकदा जाड फांदी उतरवताना त्यांनी वरून हाक मारली, "डिप्लोमा, तुझी ती निळी कप्पी पाठव! चांगली आहे ती." काम झाल्यावर ती गमछ्याने पुसून परत दिली आणि म्हणाले, "हिला खाली ठेवत जा. लागली की बोलावू. कमरेला टांगून मिरवायला ती काय तोरण आहे?"

मग ठेकेदाराने एक सेफ्टीवाले साहेब नेमले. ते कधी स्टुलावरही चढले नसतील, पण त्यांनी बावीस वस्तूंची यादी काढली. चढणाऱ्याने सगळ्या वस्तू अंगावर घालायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, मगच झाडाला हात लावायचा. मुकादम ते सामान असं घालून उभे राहत, जसं कोणी दुसऱ्याचे ओले कपडे त्यांच्या गळ्यात घातले आहेत. फोटो झाला की एकेक कडी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर टाकावा तशी पोत्यात टाकत. "झाला फोटो? चलो, आता काम करू." हे साहेबांना माहीत होतं, काम वेळेत होत असे, म्हणून ते बोलत नसत. मी मात्र सगळं घालूनच चढायचो. साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "देखो, ऐसे जाना चाहिए." आणि मी फुगायचो. शी!

एका शाळेमागचा पिंपळ छाटायचा होता. मुकादमांचा नियम असा, की चढण्याआधी झाडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या, वर बघत, पोळं आहे का, वाळकी फांदी आहे का ते शोधत. त्या दिवशी ते तारेतली वीज बंद करून घ्यायला लाइनमनजवळ उभे होते. तिथून ओरडले, "फेऱ्या मारल्या का बे?" मी कड्या रंगाप्रमाणे लावण्यात गुंतलो होतो. म्हणालो, "मारल्या!" एकही मारली नव्हती.

पोळं भिंतीकडच्या बाजूला होतं, पानांच्या आड. आग्या माशांचं. दुसरी फांदी कापली आणि त्या उठल्या. मी दोरावरून खाली सुटलो, पण दोन हात उतरलो नाही तोच मांडीवर लोंबणारे फासे एका बेचक्यात अडकले. हिसका दिला, तर आणखी घट्ट बसले. चौदा कड्या, दोन कप्प्या, आणि हाताला चाकू सापडेना. तो होता बाटलीच्या मागे कुठेतरी. माशा कानात, नाकात, बाहीत. मी आई-बापाच्या नावाने ओरडत होतो.

खालच्या दोघांनी ओला पाला पेटवून धूर केला. मुकादमांनी डोक्यावर पोतं ओढलं आणि शिडीवरून पिंपळात शिरले. कमरेला ती एक कमरदोर आणि चाकू, बस. साठीचा माणूस माझ्यापर्यंत कसा पोचला ते मला दिसलं नाही, डोळे सुजून मिटले होते. फक्त आवाज ऐकू आला, "हलू नको, डिप्लोमा. कापून राहिलो." फासे कापले गेले, मी सुटलो, आणि खालच्यांनी मला झेललं. ते माझ्यानंतर उतरले. तोवर पोतं कुठेतरी गळून पडलं होतं. मी तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी गेलो. ते अकरा दिवस राहिले, आणि त्यांच्या उजव्या डोळ्याला नंतर धुरकटच दिसत राहिलं.

ते दवाखान्यात असतानाच साहेबांनी मला रिछाईच्या ऑफिसात बोलावलं. समोर छापील कागद ठेवला. झाडावरच्या माणसाच्या अंगावर यादीतलं सामान होतं का? मी लिहिलं, होतं. सोडवायला चढलेल्या माणसाच्या अंगावर होतं का? माझा हात थबकला. साहेब प्रेमाने म्हणाले, "जो सच है वही लिखना है, भैया. झूठ थोड़े ही लिखवा रहे हैं." मी लिहिलं, नव्हतं. त्याखाली 'अन्य टिप्पणी' म्हणून पाच ओळी रिकाम्या होत्या. माझंच सामान अडकलं, फेऱ्यांचं मी खोटं बोललो, आणि ते बावीस वस्तू लटकवून आले असते तर मी आज हा कागद भरायला नसतो, एवढं त्या पाच ओळींत आरामात मावलं असतं. पण मग माझं काय झालं असतं? मी त्या ओळी तशाच सोडल्या आणि खाली सही केली.

मुकादमांचं चढणं बंद झालं, टोळीही काढून घेतली. नियम मोडला म्हणून. आणि पिंपळावर चढण्याआधीचा माझा फोटो, चौदा कड्यांसकट, ऑफिसच्या भिंतीवर लागला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आदर्श'. येता-जाता लोक बघायचे. मला ओकारी यायची. पण पाच महिने मी त्याच्याखालून जात-येत राहिलो, हेही खरं.

पाच महिन्यांनी एकदाचा साहेबांकडे गेलो आणि त्या पाच ओळींत जे लिहायला हवं होतं ते एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, फाइलमध्ये ठेवलं. "अब इसका क्या करें, भैया? मामला तो बंद हो गया." त्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी रांझीला मुकादमांकडे गेलो. वाटलं, निदान त्यांना बरं वाटेल.

त्यांनी कागद डाव्या डोळ्याजवळ धरून पूर्ण वाचला. "फेऱ्या मारल्या नव्हत्यास," एवढंच म्हणाले.

"नव्हत्या. चुकलो मी, मुकादम. तुम्ही परत या. चढू नका, खाली उभे रहा. मी ठेकेदाराशी बोलतो. माझ्या खाली तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "कोणाच्याही खाली उभा राहीन. तुझ्या नाही."

काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो तसाच होता.

"एवढी वर्षं मी खालून पाठवून राहिलो, ज्याने मागितलं त्याला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला तुझ्याकडून एकदाच काही पाहिजे होतं. तेही मागायची वेळ यायला नको होती." मग ती दोन बोटं त्यांनी पायजम्याला पुसली. या वेळी त्यांनी माझा पट्टा उचलला नव्हता. हातात फक्त माझा कागद धरला होता.

पावसाळ्याआधी ते मुलीकडे सिहोऱ्याला राहायला गेले. बस सुटताना मी लांब, पानठेल्याच्या आडोशाला उभा होतो. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. मला चार दिवसांनी समजलं.

तो फोटो मी भिंतीवरून काढला. साहेबांनी दुसरी प्रिंट लावली. आता टोळी माझ्याकडे आहे. माझ्या पट्ट्यावर चारच वस्तू असतात, बाकी सगळं खाली पोत्यात, निळी कप्पीसुद्धा. तीन फेऱ्या मारतो, वर बघत. मग चढायच्या आधी हात मागे नेऊन दोन बोटांनी स्वतःचा पट्टा उचलून बघतो. कमरेला बांधलेला पट्टा आपला आपल्याला तोलता येत नाही. तरी रोज बघतो.