मागच्या खोलीतली व्हर्ना

कॉलफिल्ड उपनगरातल्या ज्यू मुलींच्या शाळेसमोर व्हर्ना ट्रेगिअर एकोणीस वर्षं लाल पाटी धरून पोरींना रस्ता ओलांडून देत होती. ती स्वतः ज्यू नव्हती. नाताळ सोडला तर चर्चलाही जात नसे. नवरा गेल्यावर ती मुलीच्या, जोडीनच्या, परसातल्या खोलीत राहायला आली; पुढच्या घरात मुलगी, जावई आणि दोन नाती. यायचं-जायचं ते जावयाच्या गॅरेजमधूनच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी एक पांढरी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, शाळेपाशी हळू झाली. काच खाली सरकली, आतून अंडी भिरकावली गेली आणि एक आवाज ओरडला, "तुम्हाला सगळ्यांना भट्टीतच घालायला हवं होतं." पोरी सैरावैरा पळाल्या. सात वर्षांची तमार तोंडावर आपटली. व्हर्नाने तिला उचललं तेव्हा युट वळत होती. मागच्या फुटक्या दिव्यावर लाल चिकटपट्टी होती. तो दिवा महिन्याभरापूर्वी व्हर्नानेच गॅरेजमधून ही गाडी मागे घेताना फोडला होता. आवाजही जावयाचा, डॅरिनचा होता.

"नंबर पाहिलात?" पोलिसाने विचारलं.

"नाही." ते खरंच होतं. तेवढंच तिने सांगितलं.

रविवारी जेवताना डॅरिनने तिच्या ताटात मटणाचा तुकडा वाढला. "काय व्हर्ना, तुझ्या शाळेत गंमत झाली म्हणे?"

"पोरीचे दात तुटले."

"दुधाचेच ना? येतील परत."

"नवे होते. नुकतेच आलेले."

जोडीनने मान वर केली नाही. हिलाही ठाऊक आहे, हे व्हर्नाला तेव्हा कळलं.  त्यानंतर रोज गॅरेजमधून जाताना ती युटपासून अंग चोरून निघायची. तमारच्या आईने मधाचा केक आणून दिला, "तुम्ही होतात म्हणून बरं." तो केक खोलीत तसाच पडून वाळला.

दहाव्या दिवशी शाळेचा रखवालदार गिडॉन म्हणाला, "समोरचे दुकानदार म्हणतात, पोरी घाबरल्या असतील, वाढवून सांगतात. आम्ही बोललो की आमचं रडगाणं ठरतं, व्हर्ना. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर..."

तिला त्याच्याकडे बघवेना.

त्याच दुपारी तिने जोडीनला गाठलं. "मी पोलिसांत सांगणार आहे."

"आई, तू काय ज्यू आहेस? तुझं काय जातंय त्यात?"

"ती युट त्यांच्या घरातून निघाली नव्हती, जोडीन. आपल्या घरातून निघाली. मग आवरायचं कुणी, त्यांनी?"

"आणि उद्या राहशील कुठे?"

 तरी व्हर्ना पोलीस चौकीत गेली, आणि जबाबावर सही करून आली. परतली तेव्हा तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून गॅरेजबाहेर ठेवलेले होते.

डॅरिनला कोर्टात शिक्षा झाली, फार मोठी नाही. दुकानदारांची बडबड थांबली. व्हर्ना आता ओकली उपनगरात एका लॉन्ड्रीच्या माडीवर राहते. तिथली खिडकी उघडत नाही. ईस्टरला जोडीनचा निरोप आला: तुझ्या नाती तुझी आठवण काढत नाहीत, इकडे येऊ नकोस. पहिली गोष्ट खोटी आहे, हे तिला माहीत होतं. दुसरी खरी होती. तिने फोन पालथा ठेवला आणि सकाळी शाळेपाशी उभं राहायचे बूट पुसायला घेतले.