दोन कार्डं, एक पट्टी आणि तात्या

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ आम्ही ब्लोअर मारून उडवायचो. किस्से कशानंच उडत नाहीत, चार जुने मित्र भेटले की पहिला चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुध्या, ती पट्टी सांग ना!" सुध्या म्हणजे मी. तर आज पट्टीपर्यंतचं सगळं सांगून टाकतो.

साल असेल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. बारामतीत भिगवण रोडला दोन शटरांच्या मध्ये आमचं दुकान. दुकान बाळ्याचं, तो जळोचीचा. स्क्रू ड्रायव्हर माझा. आणि ज्ञान प्रकाशचं! प्रकाश वालचंदनगरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये वाढलेला, शुद्ध बोलणारा, कॉम्प्युटरचं मासिक पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचणारा. आमचं तिघांचं बरं चाललं होतं. फक्त बाळ्याच्या घरी ते कुणाला पटत नव्हतं.

* * *

बाळ्याचे वडील तात्या. त्यांची अर्धी जिंदगी मेंढरांमागं गेलेली, आता जळोचीला शेती. "पोरगं दिसभर डबडं उघडून बसतंय," एवढंच त्यांना दुकानाबद्दल माहीत. त्यात बाळ्याच्या मामानं लोणी देवकरच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवलेला. सुपरवायझरच्या हाताखाली, पर्मनंट. तात्यांनी बाळ्याला बसवून सांगितलं.

"दिवाळीच्या पाडव्याला मी दुकानात येनार. तुझं काम काय हाय ती मला दाव. डोक्यात शिरलं तर दुकान. न्हाय तर मामासंगं लोणी देवकर."

बाळ्यानं आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. दोन वर्षं त्यानं या दुकानात जीव ओतला होता, बोर्डसुद्धा स्वतः रंगवला होता. मी म्हणालो, "मग असं काहीतरी दाखवू की तात्या उभेच राहतील."

नेमकं त्याच आठवड्यात इंदापूरचे आप्पा आले. उसाचे मोठे बागायतदार, आवाज पाटाच्या पलीकडे जाणारा. त्यांच्या पुतण्याला गेम खेळायला मशीन हवं होतं. अट एकच.

"पुण्याच्या माझ्या साडूच्या पोराकडं हाय, त्येच्यापेक्षा भारी पायजे!"

"साडूच्या पोराकडं काय आहे?" प्रकाशनं विचारलं.

"त्येच्याकडं थ्रीडीचं कार्ड हाय म्हनं. एक."

प्रकाश चष्मा पुसत म्हणाला, "मग आपण दोन लावू."

आप्पांनी खुशीत टेबलावर थाप मारली. ठरलं! मशीन दिवाळीनंतर न्यायचं, तोवर पाडव्याला तेच तात्यांना दाखवायचं.

* * *

पहिलं कार्ड पुण्याहून आलं. बारा एमबीचं, हिरवंगार. मीच बसवलं आणि मीच शेण खाल्लं. त्या काळी पडद्यावर चित्र काढणारं रोजच्या कामाचं कार्ड वेगळं आणि गेमचं थ्रीडी कार्ड वेगळं. रोजच्या कार्डातली वायर थ्रीडीत घालायची आणि मॉनिटर थ्रीडीला लावायचा. मी मॉनिटर जुन्या सवयीनं रोजच्याच कार्डाला लावला.

गेम सुरू केला, गाड्यांच्या शर्यतीचा. पडदा काळा ठिक्कर! पण स्पीकर जोरात. इंजिनं गुरगुरतायत, टायर किंचाळतायत, काचा फुटतायत. मी टेबलाखाली वायरी शोधतोय आणि शेजारच्या हॉटेलातली सात-आठ माणसं दारात.

"कुटं धडाकली? कोन हाय आत?" हॉटेलवाले मालक धापा टाकत म्हणाले. त्यांच्या हातात पाण्याचा जग होता, जखमीसाठी!

बाळ्यानं शांतपणे तो जग घेतला, घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "जखमी टेबलाखाली हाय. डोक्यावर पडलाय."

* * *

दुसरं तसलंच कार्ड पुण्यात संपलं होतं. आप्पा म्हणाले, मेव्हणा मुंबईला आहे, तो आणेल. प्रकाशनं त्यांना फोनवर बजावून सांगितलं, "आप्पा, जपून हाताळा. ही कार्डं फार तापतात, थंड ठेवावी लागतात."

चार दिवसांनी आप्पांची जीप दारात. आप्पांच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात कार्ड, कार्डावर दव!

"आप्पा, हे ओलं कसं झालं?" प्रकाशचा आवाज चिरकला.

"तुमीच म्हनला की थंड ठिवा! आल्यापस्नं फ्रिजात हाय, दह्याच्या शेजारी. घरात कुनाला दरवाजा उगडू दिला न्हाय. दोन दिस आमी कोरा च्या पितूय!"

आम्ही ते कार्ड दोन दिवस पंख्याखाली वाळत घातलं. प्रकाश दर तासाला उठून त्याला हात लावून बघायचा. बाळ्या विचारायचा, "काय, लागलं का इरजन?"

* * *

कार्ड वाळलं आणि खंडेनवमी आली. खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा. बाळ्या या बाबतीत तात्यांचा मुलगा. त्यानं पाटावर माझे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न मांडलं, मध्ये दोन्ही कार्डं ठेवली, फुलं वाहिली, नारळ फोडला. मन भरून आलं होतं त्याचं. हात जोडून पुटपुटत होता, "पाडव्याला लाज राख."

दसऱ्याला दोन्ही कार्डं मशीनमध्ये बसवली. मशीनला दुसरं कार्ड दिसेनाच! पुण्याचं दिसतंय, मुंबईचं गायब. प्रकाश म्हणाला ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष. त्यानं तीन दिवसांत अकरा वेळा ड्रायव्हर काढून घातला. मग म्हणाला दह्याचा दोष. शेवटी मी वैतागून कार्ड उपसलं आणि उजेडात धरलं. खाली जे सोनेरी दात स्लॉटमध्ये बसतात, बरोबर त्यांच्यावर हळद-कुंकवाची जाड बोटं!

"बाळ्या, अख्खं कार्ड सोडून इथंच?"

"सोन्यागत चमाकत हुतं रं. म्हनलं ह्योच त्येचा देव."

मी शाळेतलं खोडरबर आणून दात घासले. कार्ड लगेच दिसलं. बाळ्यानं आभाळाकडं बघून कान पकडले आणि हळूच म्हणाला, "देव कोपला न्हवता. चिकाटला हुता."

* * *

दोन्ही दिसायला लागली, पण खरा वांधा पुढंच होता. ही जोडी चालते कशी, तर पडद्यावरची एक ओळ पहिलं कार्ड काढणार, पुढची ओळ दुसरं. दोघांना बांधून ठेवायला मध्ये बोटभर पट्टी. आपल्याकडं सरी आड सरी दोन माणसं धरतात, तसंच. पण पुण्याचं कार्ड बाराचं, मुंबईचं आठाचं, आणि कंपन्याही वेगळ्या. पट्टी लावली की पडद्यावर एक ओळ डोंगर, एक ओळ कचरा! गाडीला चाकं आहेत की कंगवे, कळेना.

प्रकाशनं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला आणि निकाल घेऊन आला. "तत्त्वतःच चूक आहे हे. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, एकाच ताकदीची हवीत. नाहीतर जोडी जमत नाही."

बाळ्या उसळला. "आमचं तात्या आन आई काय एका कंपनीची हायेत व्हय? तीस वर्सं चाललंय न्हवं!"

"चित्र नीट दिसतं का पण?"

बाळ्यानं जरा विचार केला. "एक वळ नीट दिसती," म्हणाला.

पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही सगळं करून बघितलं. शेवटी बाळ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते. "सुध्या, पट्टी काढ. एकट्या पुन्याच्या कार्डावर चालू दे. दुसरं नुसतं बसलेलं ऱ्हाऊ दे शेजारी. तात्यांना काय कळतंय?"

मला ते बरं वाटलं नाही. पण काढली मी पट्टी, आणि खिशात ठेवली.

* * *

पाडव्याला सकाळी दहाला तात्या आले. पांढरं धोतर, लाल मुंडासं. चपला पायरीखाली काढल्या, गणपतीच्या तसबिरीला नमस्कार केला, खुर्चीवर ताठ बसले. "मामा येतुय अर्ज घिऊन, सही करायची हाय," असं बाळ्याला ऐकवूनच सुरुवात केली.

बाळ्यानं गेम लावला. चित्र छान. तात्यांनी वाकून डब्याच्या मागं बघितलं.

"उगडून दाव," तात्या म्हणाले. "आत काय हाय?"

मी कव्हर काढलं. बाळ्या बोलायला लागला आणि काय बोलला म्हणून सांगू! दोन वर्षांत त्यानं इतकं गोड कुणाला समजावलं नव्हतं. हे पुण्याचं, हे मुंबईचं. एक वळ हे काढतं, एक वळ ते काढतं. बोलता बोलता वाहवत गेला. "आन तात्या, गंमत काय हाय, ह्या दोगांना एकमेकाची चाल कळावी म्हून मधी एक पट्टी असती. ती पट्टी म्हंजी ह्येचा जीव! ती नसंल तर दुसरं कार्ड नुसतंच..."

आणि थांबला.

तात्या खाली वाकले. पहिल्या कार्डापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "पट्टी कुटं हाय?"

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. बाळ्यानं माझ्याकडं बघितलं. मग तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

बाळ्याची मान खाली. "तात्या, जोडी जमत न्हाय," तो म्हणाला. "पंधरा-वीस दिस झालं. बांधली की चित्र फाटतंय. तुमाला आवडावं म्हून..."

तात्या चिडले नाहीत. त्यांनी पट्टी उचलून उलटसुलट बघितली. "दोगांत तगडं कंचं?"

"पुढचं. बाराचं हाय. मागलं आठाचं."

"आन तगडं म्होरं घातलंय व्हय तुमी?" तात्या पहिल्यांदा हसले. "आरं, लंगडी मेंढी म्होरं घालायची असती. तगडी तिच्या चालीनं येत्यात. तगडी म्होरं घातली की लंगडी मागं तुटती, आन कळपबी तुटतुय."

"तसं मॅन्युअलमध्ये कुठंही..." प्रकाशनं तोंड उघडलं. बाळ्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

मी मशीन बंद केलं. आठाचं काढून पुढच्या स्लॉटमध्ये घातलं, बाराचं मागं. वायरी बदलल्या, पट्टी बांधली. मशीन सुरू केलं, गेम लावला.

डोंगर! अख्खा डोंगर, एकही ओळ न फाटता! गाडीला चाकं! प्रकाश चष्मा काढून पडद्याला नाक लावून बघत राहिला. बाळ्या हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच ठाऊक.

तात्या म्हणाले, "ह्ये हाकायचं कसं?"

बाळ्यानं त्यांचं बोट वरच्या बाणाच्या बटणावर ठेवलं. पहिल्या शर्यतीत तात्या मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बाजूला होऊन वाट देत होते. "जाऊ दे, घाईत असंल." आठवा नंबर आला. दुसऱ्या शर्यतीत एकानं त्यांना धक्का मारला. तात्यांनी मुंडासं मागं सरकवलं, खुर्ची पुढं ओढली.

तिसरी शर्यत रंगात आली आणि मामा दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज, पेनाचं टोपण आधीच काढलेलं.

"दाजी, हितं सही करा. सायेब वाट बगत्यात, आजच द्यायाचा हाय."

तात्यांनी वळूनही बघितलं नाही. बोट बटणावर तसंच.

"थांबा वो पाव्हनं! दोनच ऱ्हायल्यात म्होरं. आन तुमच्या सायबाला सांगा, दुसरा मानूस बगा म्हनावं. हितं आमी दोगं बाप-ल्योक कामात हाय!"