डावीकडे उभा असलेला माणूस

१९९८च्या हिवाळ्यात मी माझा एक फोटो इंटरनेटवर टीकेसाठी टाकला. त्यावर आलेल्या तिसऱ्या अभिप्रायानंतर वाराणसीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका घरी माझं जाणं बंद झालं.

ते घर दादांचं. दादा व्यवसायाने फोटोग्राफर होते. वाराणसीतल्या मराठी घरांतल्या मुंजी-लग्नांचे फोटो बहुतेक तेच काढत. मी एका हिंदी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि फोटो हा माझा छंद. कॅमेरा हातात धरायला त्यांनीच शिकवलं. माझे रोल त्यांच्या डार्करूममध्ये धुतले जात आणि माझ्या सहा वर्षांच्या निगेटिव्ह त्यांच्याच कपाटात होत्या.

फोटो राजा घाटावरचा होता: सकाळ, पायरीवर ओलं धोतर पिळणारा एक पुजारी. दादा बरोबर होते. उजेड त्यांनी मीटरने मोजला, पण बाजूला व्हायच्या आत मी बटण दाबलं. प्रिंट आली तेव्हा डाव्या कडेला मीटर हातात धरलेले दादा होते.

ती प्रिंट मी गोदौलियाच्या एका सायबर कॅफेत नेली. मालकाने ती स्कॅन केली आणि माझ्या सांगण्यावरून डावा भाग उडवला. पडद्यावर पुजारी एकटा राहिला.

“काट दिया, भाईसाहब,” तो म्हणाला. साइटवर फोटो त्यानेच चढवला. तिथे जगभरचे हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार एकमेकांची कामं तपासत. बहुतेकांनी टोपणनावं घेतलेली असत.

लाइन इतकी संथ होती की अभिप्राय वाचताना आम्ही पानावरची चित्रं बंद ठेवत असू. चार दिवसांनी मी तसंच पान उघडलं. पहिल्याने उजेडाची स्तुती केली होती. दुसऱ्याला आकाश जास्त वाटलं. तिसऱ्याने लिहिलं होतं, ‘डावीकडचा मीटरवाला माणूस तोल बिघडवतो. तो नको होता.’

मी कापलेला माणूस त्याला दिसला कसा, हा प्रश्न होता. पूर्ण प्रिंट तिघांनी पाहिली होती: मी, दादा आणि कॅफेचा मालक. मालकाला मीटर ओळखता येत नव्हता. मी विचारून खात्री केली. दादांचा पुतण्या विद्यापीठात शिकत होता आणि तिथे इंटरनेट होतं. शिवाय त्या आठवड्यात दादांनी मला दोनदा विचारलं होतं, “काय म्हणतायत तुझे परदेशी परीक्षक?” एरवी ते असलं काही विचारत नसत. आपल्याला कापल्याचं कळल्यावर त्यांनी हा टोमणा लिहवून घेतला, असं मी धरून चाललो.

मी त्यांच्याकडे गेलो. ते प्रिंट वाळत घालत होते.

“दादा, तुम्ही इंटरनेटवर लिहिता का?”

“मी? अरे, माझ्या एन्लार्जरचा दिवा बदलायला मला अर्धा दिवस लागतो.”

“मग पुतण्याकडून लिहवून घेतलंत?”

“काय लिहवून घेतलं? सीधं बोल ना.”

मी सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा दोरीला लावला.

“म्हणजे तू मला कापलंस.”

“फोटोच्या तोलासाठी.”

“उजेड मी मोजायचा, प्रिंट मी काढायची आणि कापायचंही मलाच. बरं. आणि आता मी लपून शिव्या देतो म्हणतोस?”

“पूर्ण प्रिंट दुसऱ्या कुणी पाहिलेलीच नाही, दादा.”

“हे बातमीवाले,” ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले. “घरात चहा पितात आणि घरातच चोर शोधतात.”

मी माझ्या निगेटिव्ह मागितल्या. माझ्या नकळत त्यातून आणखी कुठे काय जाईल, अशी शंका मला होती, आणि ती मी बोलून दाखवली. त्यांनी कपाट उघडलं. पाकिटांवर वर्ष आणि घाट त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. सगळी पाकिटं त्यांनी एका पिशवीत भरून दिली.

होळीनंतर कॅफेत नवी लाइन आली. एका दुपारी मी चित्रं चालू ठेवून तेच पान उघडलं. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरत गेला. आधी आकाश, मग पुजाऱ्याचं डोकं, आणि त्याच पट्टीत डावीकडे दादांची टोपी. पुढच्या पट्ट्यांत मीटर आला.

मालकाने जुन्या फायली उघडल्या. त्याने स्कॅनच्या दोन प्रती ठेवल्या होत्या, एक पूर्ण आणि एक कापलेली. “दूसरी वाली चढ़ गई होगी,” तो म्हणाला. तिसरा अभिप्राय देणाऱ्याने जे समोर होतं तेच लिहिलं होतं. साइटवर फोटो चढला त्या दिवसापासून तो पूर्णच होता.

दुसऱ्या दिवशी मी दूधविनायकात गेलो आणि झालं ते दारातच सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं.

“मीटर सरळ धरलाय का मी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ठीक आहे.”

निगेटिव्हची पिशवी माझ्या हातात होती. ती परत ठेवून घ्याल का, असं मी विचारलं. कपाटात आता जागा नाही, असं ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा एकही रोल धुतला नाही.