बूमला कातडं

बाबांना माझ्या हातचं काहीही छानच लागायचं, आणि त्याचाच मला वैताग यायचा.

ते लखनौला आमच्याकडे येऊन वर्ष होत आलं होतं. आई गेल्यावर रत्नागिरीकडच्या घरात ते एकटेच राहत होते. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले. सकाळी पडले ते दुपारी शेजारणीला दिसले. मी इथून धावत गेले आणि काही ऐकून न घेता त्यांना इथल्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या घरी घेऊन आले. पण बापाने लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नसतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अंथरुणाची घडी स्वतः करायचे, चहाचा कप स्वतः विसळायचे, सोफ्याच्या अगदी कडेवर बसायचे. मे महिन्यात घामाने निथळत विचारायचे, "पंखा लावू का गो?" अहो, विचारता काय! लावा की!

एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. नवऱ्याने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बाबा भुरका मारून म्हणाले, "वा, छान झालीय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणा नावं ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जावयाशी तर ते थेट बोलतच नसत. नवरा समोर पेपर वाचत बसलेला असायचा आणि बाबा मला सांगायचे, "जावईबापूंना म्हणावं, चहा निवतोय." मी म्हणजे त्या दोघांमधलं टेलिफोन एक्स्चेंज. जूनच्या सुरुवातीचं परतीचं तिकीटही त्यांनी माझ्यामार्फतच काढून घेतलं. कारण काय, तर पावसाच्या आत कौलं परतायला हवीत. कौलं आदल्याच वर्षी परतून झाली होती. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. त्या रिकाम्या घरात ते पुन्हा पडले तर या वेळी शेजारणीला कधी दिसतील, या विचाराने माझी झोप उडाली होती. पण विषय काढला की म्हणायचे, "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?" की संपलं.

माझा नवरा नागपूरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न ठरवायला आमच्याकडे आला तेव्हा. या गृहस्थाने ऑफिसातल्या एका निवृत्त साहेबांकडून जुनी लाकडी शिडाची होडी घेतली. शहराबाहेरच्या एका तलावावर ती ठेवलेली असते. मी म्हटलं, आधी पोहायला तरी शीक. त्यावर उत्तर, "अरे बाप्पा, शिकलो ना यूट्यूबवर."

एका रविवारी बाबांनाही बळेच नेलं. ते होडीत अवघडून बसले, पण नजर सगळीकडे फिरत होती. लहानपणापासून मामाच्या होडीवर वाढलेला माणूस तो. पुढे नोकरी शाळेच्या ऑफिसात केली, पण सुट्टी काढायची ती पाण्यावर. वारा मागून आला तसं नवऱ्याने शीड पूर्ण बाहेर सोडलं. शिडाच्या खालच्या काठाला एक आडवा लाकडी दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. तो बूम बाहेर फिरला आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारेवर जाऊन टेकला. होडी हलेल तसा तारेवर करकर घासायला लागला. बाबांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. लाकडाला चांगली खाच पडली होती.

परत येताना गाडीत ते हळूच म्हणाले, "जावईबापूंना सांगू नको, पण त्यांचा दांडा कापला जातोय. तिथे कातडं चढवायला हवं."

"बाबा, ते गाडीच चालवतायत. ऐकतायत."

"असू दे. तू सांगू नको."

नवरा गालातल्या गालात हसला. पुढच्याच रविवारी त्याने बूम सोडवला, गाडीच्या टपावर बांधून घरी आणला आणि व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवा ठेवला. मग आम्ही तिघं आलमबागच्या बाजारात गेलो. चामड्याच्या दुकानदाराने मोठ्या अदबीने विचारलं, "जूता बनवाना है या पर्स?" नवरा म्हणाला, "नाव के लिए चाहिए, भैया." "अच्छा, तो नाव को जूता पहनाएँगे!" म्हणत त्याने एकेक तुकडा समोर टाकला. बाबांना हिंदी बोलता येत नव्हतं, पण तुकडे वाकवून, वास घेऊन त्यांनी एक जाड तुकडा बाजूला काढला आणि मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, हा."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली. बाबा सकाळीच कामाला बसले. दांड्याच्या घेरापेक्षा किंचित कमी रुंदीची पट्टी कापली, दोन्ही कडांना आरीने भोकं पाडली आणि पट्टी कोमट पाण्यात भिजत घातली. ओलं कातडं ताणून गुंडाळायचं आणि दोन्ही कडा मेणाच्या दोऱ्याने ओढून एकमेकींना भिडवायच्या. वाळताना ते आवळतं आणि लाकडाला घट्ट बसतं. शिवण खालच्या अंगाला घ्यायची, तारेवर येऊ द्यायची नाही. हे सगळं ते मला सांगत होते आणि मागे उभा नवरा माना डोलवत होता.

अर्धी शिवण झाली आणि जेवायची वेळ झाली. जेवून बाबा आडवे झाले. त्यांचा हिशोब कोकणातला. तिथे सकाळी ओलं केलेलं कातडं संध्याकाळपर्यंत ओलंच राहतं. पण ही लखनौची लू, भट्टीसारखा वारा! तासाभरात कातड्याचा पापड झाला. न शिवलेला अर्धा भाग वर वळून ताठ उभा राहिला.

नवऱ्याने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, बाबांची झोप कशाला मोडा. त्याच्या घरी सोफ्याचं रेक्झिन असंच सुटायचं आणि त्याचे वडील ते बारीक खिळ्यांनी ठोकून बसवायचे. याने डबा आणला, हातोडी आणली, वळलेली कड दाबून धरली आणि पहिला खिळा लावला.

ठोकल्याचा आवाज ऐकून बाबा बाहेर आले.

"अरे गाढवा!" असे ओरडले की समोरच्या घरातल्या आंटी फाटकाशी आल्या. "लाकडात खिळा मारतोस? भोकातून पाणी शिरेल, आतून कुजेल सगळं! आणि खिळ्याचं डोकं त्या तारेला खाईल ते? काढ आधी तो!"

मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. मान खाली घालून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी डोकावले तर बॅगेत कपडे भरत होते. म्हणाले, "जावयाला गाढव म्हटलं मी. आता कुठल्या तोंडाने राहू? तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

झालं, म्हटलं, आता उद्याच निघतात हे. नवऱ्यावर डाफरायला बाहेर आले तर हा हातोडी घेऊन हसत उभा!

"हसतोस काय? ते निघाले!"

"अगं, गाढव म्हणाले मला. माझे बाबा गेले तेव्हापासून कोणी म्हणालं नव्हतं," तो म्हणाला, आणि डोळे पुसले. मग जाऊन दारावर टकटक केली. "बाबा, खिळा काढला. पाणी परत कोमट करू का? हिला सांगू नका. मला सांगा."

आतून बाबांचा आवाज आला.

"कोमटच कर. उकळलंस तर कातडं आखडेल."

दुपारभर दोघं बूमशी झटत होते. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. "ओढ. अजून ओढ. जेवला नाहीस का रे?" माझ्या संसारात इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं. अधूनमधून कातड्यावर ओलं फडकं फिरवत त्यांनी शिवण शेवटाला नेली. कड कडेला अशी भिडली की नख शिरेना.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी भातावर आमटी घेतली, घास घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"आळणी आहे गो. लक्ष कुठे असतं तुझं?"

या वेळी मी मुद्दाम केलं नव्हतं. बाहेरचं ऐकण्याच्या नादात मीठ खरंच राहिलं होतं. मीठ आणते म्हणून मी आत गेले आणि ओट्याला धरून हमसून हमसून रडले. बाहेर बाबा म्हणत होते, "आणि जावईबापूंना म्हणावं, ते तिकीट..."

मग निरोप अर्धाच सोडला.

"ते तिकीट रद्द कर रे," बाबा थेट त्यालाच म्हणाले. "पावसात कातडं कसं टिकतं ते बघायला इथे कोणीतरी हवं."