मोगलाईतला दादा

आमच्या घरात ह्यांचं नाव कुणीच घेत नाही. मी घेत नाही, कारण आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासूबाई घेत नाहीत, कारण ते त्यांच्या थोरल्या भावाचं नाव आहे, आणि थोरल्या भावाला नावानं हाक कशी मारायची? म्हणून पोटच्या पोराला त्या 'दादा' म्हणतात. लिहायला हरकत नाही, म्हणून इथे लिहून टाकते: अंगद. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत धान्य निवडायच्या मशीनवर ह्यांची उभी उमर गेली. खोटा दाणा दिसला की हात आपोआप जातो. तीच खोड घरी. मी बोलताना एखादा शब्द चुकले तरी माझं वाक्य पुरं होऊ देणार नाहीत, आधी शब्द निवडून बाहेर काढतील.

खरं तर ह्यांना इतिहासाचे मास्तर व्हायचं होतं. बी.ए. केलं आणि पुढे सरकीत पडले.

इतिहासाचं वेड लागलं ते ह्या नावापायीच. आसराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, शहागडच्या धनगराच्या घरातल्या. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या भावानं मेंढरं राखून त्यांना सांभाळलं. निजामाचं राज्य पडलं त्या साली तोही गेला, तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या असतील. पुढे मामाच्या घरी वाढल्या. भाऊ कसा गेला ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर एकच वाक्य, 'दादा मोगलाईत गेला.' आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणतात. मोगल कुठले आणि निजाम कुठला, पण शब्द बसला तो बसला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे मला म्हणाले होते, "मेलेल्या माणसाचं नाव घेऊन हिंडून राह्यलो मी, आन तो मेला कसा हेच मला म्हाईत न्हाई." आईच्या तोंडून ते एकदा ऐकायचं, एवढीच ह्यांची हौस. दुसरी कसली कधी मागितली नाही.

करोनाच्या दिवसांत मशीन बंद होती तेव्हा ह्यांना ऑनलाइन कोर्सचा नाद लागला. परदेशातल्या एका विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग, विषय जगाचा इतिहास. कारखाना सुरू झाला तरी नाद सुटला नाही. दर वर्षी एक कोर्स. त्यांचा उन्हाळा जूनमध्ये लागतो, म्हणजे आमच्याकडे लोक पेरणीला लागलेले असतात तेव्हा. आत्याबाई म्हणायच्या, "कसला उन्हाळा करून राह्यलाय रं दादा, आखाड लागला की." विद्यापीठ सातासमुद्रापलीकडचं आणि वर्ग भरायचा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, कारण मोबाइलला रेंज तिथेच येते. सकाळी मी डबा भरायची आणि हे उंबऱ्यावर बसून रोमचं साम्राज्य बुडवायचे. किती वेळा माझी कढई ह्यांच्या डोक्याला लागता लागता राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या कोर्सात एक धडा मेंढपाळांचा होता. मोंगल नावाचे लोक, गवताळ माळावर मेंढरामागं, घोड्यामागं फिरणारे, त्यांनी निम्मं जग जिंकलं म्हणे. हे इतके खूश, की कारखान्यातही कुणाला कुणाला सांगून आले.

"बघ मीना, मेंढ्या राखणाऱ्यांनी राज्य केलं."

"करू द्या," मी म्हटलं, "तुम्ही आधी गॅसचा नंबर लावा."

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण रेकॉर्ड करून, तिचा जगाच्या इतिहासाशी धागा जोडून पाठवायची होती. हे हिरमुसले. म्हणाले, "आई काय बोलणार? तिची मेंढरं बी मुकी आन ती बी."

मग ती सकाळ आली. मोबाइलवर वर्ग चालू होता. शिकवणारी बाई मोंगलांचंच बोलत होती, आणि ते तिच्या तोंडून 'मोगल' असंच ऐकू येत होतं. ती ह्यांना काहीतरी विचारणार होती, म्हणून तिनं हाक मारली, "अंगद?" आणि परत, "अंगद?"

आतल्या खोलीत आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्या ताट सांडून उठल्या, भिंतीला धरत दारात आल्या. चेहरा पांढराफटक.

"कोन बलावून राह्यलं त्याला? मोगलाईतून कोन आलंय?"

मला हसूच येणार होतं, पण त्या भिंत सोडेनात तेव्हा हसू विरलं. ह्यांनी झटकन वर्ग बंद केला, आईला पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग मोबाइल रेकॉर्डिंगला लावून हळूच तिच्या पायाशी ठेवला.

"कोन्ही न्हाई आलं, आई. पर तू सांग ना. मामा कुठं गेल्ता?"

आणि आत्याबाई बोलू लागल्या. मी डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"मोगलाईत लई भ्या होतं. मान्सं गाव सोडून चालल्ती. मला माझ्या मामाकडं ठिवून दादा मेंढरं घिऊन गंगा उतरून गेल्ता, पार नगराच्या हद्दीत. तिकडं मोगलाई न्हवती. तिकडं तो बराबर होता. मंग म्या..."

"निजाम, आई," हे म्हणाले.

"काय?"

"मोगलाई न्हाई, निजाम म्हन. मोगल कवाच संपले होते. हे तिकडचे लोक ऐकतेत, चूक धरतील."

आत्याबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. शाळेत उभं केलेलं पोर बघतं तसं बघितलं.

"मंग तुला ठावं हाय की सगळं," त्या म्हणाल्या. "तूच सांग."

उठल्या, आत गेल्या आणि सांडलेला लसूण वेचायला लागल्या.

मला इतका संताप आला, की डबा तिथेच आपटला. जन्मभर ज्याची वाट बघितली ते तोंडाशी आलं आणि ह्या माणसानं त्यातला दाणा निवडला! ह्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पुढे कितीतरी दिवस हे तिच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते. जवळ बसायचे, पाय चेपायचे, गूळ-शेंगदाणे आणायचे. आई, चुकलं माझं, मोगलाईच म्हन, काही बी म्हन. त्या म्हणायच्या, "म्या काय शिकलेली हाये? पुस्तकात बघ."

'मंग म्या' नंतर काय, हे ह्यांना कळलं नाही. ती अर्धी रेकॉर्डिंग हे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कानाला लावून ऐकायचे. कोर्ससाठी नदी, सरहद्द आणि मेंढपाळ असलं काहीतरी लिहून पाठवलं. ते तिकडे आवडलं. सर्टिफिकेट आलं. मी म्हटलं, फ्रेम करू. हे म्हणाले, "जाळून टाक." मी टीव्हीच्या मागे ठेवून दिलं. त्यानंतर ह्यांनी कोर्स केला नाही, आणि उंबरा मोकळा झाल्याचं मला काडीचं सुख झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत्याबाईंची आठवण जायला लागली. जेवल्या तरी जेवले नाही म्हणायच्या. मला कधी मामी समजायच्या. डॉक्टर म्हणाले, वयच झालंय, आता जपा.

ह्या वर्षी शहागडला नात्यातलं लग्न होतं. माहेर डोळ्याखालून जाऊ दे म्हणून आत्याबाईंनाही गाडीत घातलं. हायवेला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ट्रकांची रांग धडधडत होती. हे आईला धरून खाली उतरवायला गेले, आणि तिला पाणी दिसलं.

तिनं ह्यांचं मनगट असं धरलं, की नखं रुतली.

"दादा, मोगलाईत येऊ नको रं. तिकडंच ऱ्हा. म्या लई रडले म्हून मामानं तुला निरोप धाडला. म्या आता न्हाई रडत. बग, न्हाई रडत. तू गंगा उतरू नको."

म्हणजे हे होतं. सात वर्षांच्या पोरीनं भावासाठी रडून हट्ट केला, आणि तिकडे सुखरूप असलेला भाऊ तिच्यासाठी माघारी आला. पंच्याहत्तर वर्षं ती बाई हे पोटात घेऊन भाकरी थापत होती. मी चहाच्या टपरीचा बाक धरला.

ह्यांचे ओठ हलले. मला धडकी भरली, आता हा माणूस काय दुरुस्त करतो कुणास ठाऊक. 'आई, मी तुझा लेक आहे' म्हटलं असतं तरी ते खरंच होतं.

"न्हाई येत, आसरे," हे म्हणाले. "मोगलाईत बिलकुल न्हाई येत."

"आन मेंढरं?"

"मेंढरं बी हितंच हायेत. बराबर हायेत समदी."

आत्याबाईंनी मनगट सोडलं. पदरानं तोंड पुसलं आणि लहान पोरीसारख्या शहाण्यासुरत्या बसून चहा प्यायल्या. हे पुलाकडे पाठ करून उभे होते.

माघारी आल्यानंतर तो कसा मेला, कुठे मेला, हे अजून कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. विचारणार कसं? त्यांच्या लेखी तो समोर उभा आहे, आलेलाच नाही, मेलेलाच नाही. हे कामावरून येतात, चपला काढतात आणि दारातून हाक देतात, "आसरे, जेवलीस का?" आई म्हणत नाहीत. एकदा चुकून म्हटलं होतं, तर त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन घरभर शोधत फिरल्या, दादा कुठं गेला म्हणून.