दोन बोटं कमी पडलेला हुक

दिल्लीतल्या मराठी मंडळींची नाटकं ज्यांनी पाहिली, त्यांनी सुनंदा खानोलकरला कधी पाहिलं नसेल. पण तिनं शिवलेलं सगळं पाहिलंय. तीस वर्षं कपडेपट तिच्याकडे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या मागल्या बाल्कनीत मशीन, आणि मशीनशेजारी ट्रंकभर पेशवाई. काय दिवस होते ते! काडीसारख्या हेडक्लार्कला कापसाचं पोट बांधून ती सावकार उभा करायची. एकदा ऐन तिसऱ्या अंकात ते पोट सरकत सरकत सावकाराच्या पाठीवर गेलं. थिएटर हसून आडवं, आणि विंगेत सुनंदा रडकुंडीला आलेली.

म्हणूनच, त्रेपन्नाव्या वर्षी कॅन्सरमुळे डावा स्तन काढायचं ठरलं आणि पुण्याहून नणंदेनं, नीरजानं, फोनवर विचारलं, "या वयात इम्प्लांटचा सोस कशाला वहिनी? आत कापूस ठेवला की झालं," तेव्हा सुनंदा फटकन म्हणाली, "वन्सं, कापूस कुठे कुठे सरकतो ते मला विचारा."

ऑपरेशन छान झालं. स्तन काढून त्याच जागी त्वचेखाली इम्प्लांट बसवलं. काखेखालून एक बारीक नळी बाहेर काढली होती. तिच्या टोकाला मोसंब्याएवढा प्लॅस्टिकचा बल्ब. आत साचणारं लालसर पाणी त्यात उतरायचं. ते दिवसातून दोनदा ओतून मोजायचं, आणि सलग दोन दिवस तीस मिलीच्या खाली आलं की नळी निघणार. सुनंदानं ऑपरेशनच्या आधीच परकराला त्या बल्बसाठी खिसा शिवून ठेवला होता. पुढून हुकांचं सैलसर ब्लाऊजही.

पहिले चार दिवस लेक स्वरूपानं सगळं केलं. मग तिची गुडगावची नोकरी तिला बोलवायला लागली. "बाबा, दाबून बंद करायचं हां," एवढं सांगून ती गेली आणि कारभार भालचंद्रांच्या हाती आला.

भालचंद्र केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांनी नवं रजिस्टर काढलं. तारीख, वेळ, मिली, रंग, शेरा, सही. सही कोणाची, तर त्यांचीच.

स्वरूपाच्या वेळी सत्तर-पंच्याहत्तर मिली येणारं पाणी पहिल्याच दिवशी अठरावर आलं!

"बघितलंस? मी हातात घेतलं आणि काम मार्गी लागलं."

"अहो, पण आत ताणल्यासारखं होतंय."

"आज पंधरा! उद्या अपॉइंटमेंट, उद्या नळी बाहेर."

"मी काय म्हणतेय?"

"अगं, पाणी येतच नाही, तर ताणेल कशानं?"

रजिस्टरच्या पानाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. जोडलेल्या हातांची रांग लागली. नीरजावन्संनी लिहिलं, 'दादाच्या हाताला गुण आहे.' सुनंदानं फोन पलंगावर आपटला. दुखणं हिचं आणि अभिनंदन ह्यांचं! स्वरूपाला फोन केला, तर तीही, "आई यार, टेन्शन नको घेऊस. नंबर्स बिल्कुल बढिया आहेत."

नंबर्स, नंबर्स. तिच्या छातीला कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची असं तिनं ठरवलंही होतं. पण दुपारी अंग पुसून तिनं ब्लाऊज घातलं आणि हुक लागेना. चार दिवसांपूर्वी त्याच जागी दोन बोटं सैल होतं. आता दोन बोटं कमी पडत होतं. कापड असं अंगावर आटत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आरशात पाहिलं, तर त्वचा लाल, चकचकीत. हात लावला, तर गरम.

"भालचंद्र!"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. ते हातातला चहा सांडत आले.

"टॅक्सी बोलवा."

"अगं, अपॉइंटमेंट उद्याची आहे."

"उद्या तुमच्या रजिस्टरला घेऊन जा. मी आज जाते."

हॉस्पिटलात सिस्टरनं खिशातून बल्ब काढला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ये फूला हुआ क्यों है?"

भालचंद्रांनी रजिस्टर पुढे केलं. तिनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंकल, पिचकाकर बंद करना था. पिचका रहेगा, तभी तो अंदर से पानी खींचेगा!"

आता उलगडा झाला. भालचंद्र बल्ब दाबून रिकामा करत, मग तो पुन्हा छान गोल होऊ देत, पुसत, आणि मगच झाकण लावत. चेपलेली वस्तू बंद करून ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यामुळे ओढच राहिली नव्हती. पाणी आतच साचत होतं. सिस्टरनं नळी चिमटीत धरून खालपर्यंत निपटली, बल्ब मुठीत चेपला, झाकण लावलं. डोळ्यांदेखत तो भरला. रिकामा केला, पुन्हा भरला. एकशे दहा मिली.

डॉक्टरांनी लाली पाहिली आणि अ‍ॅडमिट करून घेतलं. शिरेतून औषध चालू. "इन्फेक्शन इम्प्लांटपर्यंत पोहोचलं असेल, तर ते काढावं लागेल. दोन दिवसांत कळेल."

दोन दिवस सुनंदा छताकडे बघत पडून होती. कापूस, कापूस, एवढंच डोक्यात. भालचंद्र शेजारच्या स्टुलावर. दुसऱ्या सकाळी त्यांनी रजिस्टर तिच्या हातात दिलं. आपल्या दोन्ही दिवसांच्या नोंदींवर तांबडी रेघ मारून लिहिलं होतं: 'वरील नोंदी ग्राह्य धरू नयेत. रुग्णाचे म्हणणे बरोबर होते.' खाली सही.

"हे काय आहे?" सुनंदा कडाडली. "मी काय मंत्रालय आहे? तोंडानं बोला की!"

त्यांनी चष्मा काढला. "चुकलं माझं. तू सांगत होतीस, आणि मी आकडा बघत होतो."

"बघत होतात कसले! मिरवत होतात."

त्यांनी रजिस्टर तिच्या हातातून घेऊन मिटलं. मग तिनंच त्यांना घरी जाऊन जेवून यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लाली उतरली. इम्प्लांट राहणार होतं. नळी मात्र आणखी दहा दिवस. घरी आल्यावर भालचंद्र बल्ब असा चेपायचे, की बोटांची पेरं पांढरी पडत. झाकण लावल्यावर तो चपटाच आहे ना, हे तीन-तीनदा बघत. "पुरे हो, फोडाल आता," सुनंदा खेकसायची.

त्यानंतर आठवड्याभरानं तिनं पुन्हा ते ब्लाऊज काढलं. वरचा हुक लागला, दुसरा लागला. तिसऱ्याशी अर्धं बोट राहिलं.

भालचंद्र पेन उघडून तयारच. "अर्धं बोट... हे कुठल्या रकान्यात लिहू?"

सुनंदानं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

"लिहू नका," ती म्हणाली. "इकडे या आणि ते टोक धरा."